विश्लेषण : ब्राऊजर आपण निवडतो की आपल्याला मिळतो? गडचिरोलीत क्रोम, ओपेरा, यूसीचे गणित कसे बदलले?

शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून होतो आणि मोबाइलवर ओटीपी येतो. तो पाहण्यासाठी मेसेज उघडावा आणि परत यावे, तर पान पहिल्यापासून उघडते. भरलेले सारे पुसलेले असते. भामरागड, एटापल्ली, कोरची किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीकडच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. 'साइट खराब आहे' असे म्हणून अनेक जण तो दिवस सोडून देतात. कधी दोष खरोखरच साइटचा असतो, कधी टॉवरचा. पण बऱ्याचदा तो ज्या खिडकीतून साइट पाहिली जाते त्या ब्राऊजरचा आणि फोनच्या अपुऱ्या मेमरीचा असतो. एखाद्याला क्रोम आवडते, एखादा फायरफॉक्स सोडत नाही, तर कोणी अजूनही ओपेरा मिनीच बरे म्हणतो. या आवडीनिवडीमागे नेमके काय असते आणि जंगलातल्या जिल्ह्यात तिचे मोल वेगळे का, याचा हा आढावा.

ब्राऊजर म्हणजे नेमके काय?

'गूगल उघड' असे सांगितले की बहुतेक जण फोनवरचे रंगीत गोल चिन्ह दाबतात. ते क्रोम असते. गूगल हे शोधयंत्र आणि ती चालवणारी कंपनी, तर क्रोम हा तिचा ब्राऊजर. संकेतस्थळाच्या सर्व्हरकडून माहिती मागवून ती अक्षरे, चित्रे आणि बटणांच्या रूपात पडद्यावर मांडणे हे ब्राऊजरचे काम. मराठीत त्यासाठी 'न्याहाळक' असा शब्दही आहे, मात्र तो बोलण्यात रुळला नाही.

पान मांडण्याचे काम ब्राऊजरच्या आतले इंजिन करते. जगात आज मुख्यतः तीन इंजिने आहेत. गूगलचे ब्लिंक, मोझिलाचे गेको आणि ॲपलचे वेबकिट. क्रोम, एज, ब्रेव्ह, ओपेरा ही नावे वेगळी असली तरी आतले इंजिन ब्लिंकच आहे. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन सोडून २०२० मध्ये एजची नवी आवृत्ती गूगलच्या क्रोमियम प्रकल्पावर उभी केली. फायरफॉक्स गेकोवर चालतो. त्यामुळे क्रोम सोडून ब्रेव्ह घेतला तर वरचे रूप, जाहिरातींबाबतचे धोरण आणि गोपनीयतेचे नियम बदलतात, गाडीचे इंजिन मात्र तेच राहते.

गडचिरोलीत हा प्रश्न वेगळा का?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. बहुतांश भूभाग जंगलाखाली. गडचिरोली शहरातून सिरोंचाला जायचे तर सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. विरळ वस्ती, डोंगर आणि झाडी यामुळे एका टॉवरमागे ग्राहक कमी, म्हणून खासगी कंपन्यांना इथे गुंतवणूक परवडत नाही.

नक्षलग्रस्त भागांत सरकारी निधीतून बीएसएनएलचे जे टॉवर उभे राहिले, ते पहिल्या टप्प्यात टूजीचेच होते. देशातील अशा २,३४३ टॉवरना फोरजी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. म्हणजे पुण्या-नागपुरात फाइव्हजीची चर्चा सुरू असताना जंगलातल्या अनेक गावांची ओळख अजून टूजीशीच होती.

याच काळात कागदपत्रे मात्र ऑनलाइन झाली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, पीक विमा, पोलीस भरतीचा अर्ज, सगळ्यांची वाट ब्राऊजरमधूनच जाते. गडचिरोली पोलिसांच्या 'पोलीस दादालोरा खिडकी' या उपक्रमातून दुर्गम ठाण्यांवरच दाखले आणि योजनांचे अर्ज भरून दिले जातात, तेही याच गरजेतून. शहरात ब्राऊजर ही सवयीची बाब आहे. इथे तो चालला नाही तर तालुक्याला पुन्हा एक खेप, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे.

ओपेरा मिनी आणि यूसी ब्राऊजर इतके का चालले?

उत्तर साध्या गणितात आहे. दोन एमबीचे पान आणि सेकंदाला ५० किलोबिटचा टूजी वेग धरला, तर ते पान उघडायला पाच मिनिटांहून अधिक लागतात. तेच पान दहाव्या हिश्श्यावर आणले तर अर्ध्या मिनिटात उघडते.

२००५ मध्ये आलेल्या ओपेरा मिनीने नेमके हेच केले. फोन थेट संकेतस्थळाशी बोलत नसे. मधे ओपेराचा सर्व्हर असे. तो पान स्वतः उघडे, चित्रे बारीक करी, अनावश्यक भाग गाळी आणि आवळलेली गठडी फोनकडे पाठवी. स्मार्टफोन नसलेल्या, बटणांच्या जावा फोनवरही त्यामुळे इंटरनेट चालू लागले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. त्या काळच्या अनेक फोनमध्ये देवनागरी अक्षरेच नसत. मराठी बातमी उघडली की चौकोनांच्या ओळी दिसत. ओपेरा मिनीच्या एका छुप्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे हा पर्याय सुरू केला, की सर्व्हर मराठी मजकुराचे चित्र काढून पाठवत असे. वेलांटी आणि जोडाक्षरे नीट दिसत. हा उपाय मित्राने मित्राला दाखवायचा, असाच पसरला. एखादा ब्राऊजर लोकप्रिय होण्यामागे जाहिरातीपेक्षा अशी तोंडी शिफारस किती काम करते, याचा हा नमुना.

खारीचे चिन्ह असलेला यूसी ब्राऊजर याच वाटेने पुढे गेला. पान आवळणे, तुटलेले डाउनलोड जिथल्या तिथून पुन्हा सुरू करणे आणि व्हिडीओ उतरवून ठेवणे या तीन सोयी त्याच्याकडे होत्या. ज्या गावात नेटवर्क दिवसातून काही तासच मिळते, तिथे बाजाराच्या दिवशी तालुक्याला येऊन गाणी-चित्रफिती उतरवून घ्यायच्या आणि घरी पाहायच्या, ही रीतच होती. त्यासाठी यूसी सोयीचा होता. स्टॅटकाउंटर या मोजणी संस्थेच्या आकड्यांनुसार २०१६ च्या सुमारास भारतातील मोबाइल ब्राऊजरच्या वापरात यूसीचा वाटा निम्म्याच्या घरात पोहोचला होता.

मग यूसी गेला कुठे?

पहिला धक्का विश्वासाला बसला. टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने मे २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून यूसी ब्राऊजर वापरकर्त्याची ओळख आणि ठिकाण यांची माहिती पुरेशा सुरक्षेविना पाठवतो, असे दाखवून दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो काही दिवस प्ले स्टोअरवरून हटवला गेला. अखेर गलवानमधील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकसोबत अलीबाबा समूहाचा यूसी ब्राऊजरही होता.

पण बंदीच्या आधीच त्याचा पाया ढासळू लागला होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि जिथे फोरजी पोहोचले तिथे पान आवळण्याची गरज उरली नाही. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनने आणखी एक गंमत केली. त्यातील कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. त्यामुळे फायरफॉक्सचे नावही न ऐकलेले लाखो लोक त्याच्याच इंजिनावर इंटरनेट पाहत होते.

क्रोम पहिल्या क्रमांकावर कसा?

२ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आला तेव्हा संगणकावर इंटरनेट एक्सप्लोररचे राज्य होते आणि फायरफॉक्स त्याला टक्कर देत होता. क्रोमचा वेग, प्रत्येक टॅब वेगळा चालवण्याची पद्धत आणि साधी मांडणी लोकांना भावली. संगणकावरचे हे यश गुणांवर मिळाले, असे म्हणता येते.

मोबाइलवरची गोष्ट निराळी आहे. अँड्रॉइड फोन खोक्यातून बाहेर काढला की क्रोम त्यात आधीच असतो. बहुतांश फोनवर तो काढून टाकता येत नाही, फक्त बंद ठेवता येतो. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की तोच उघडतो. पासवर्ड, जतन केलेली पाने आणि गूगल खाते त्यालाच जोडलेले असते. अशा वेळी बहुसंख्य लोक ब्राऊजर 'निवडत' नाहीत, मिळालेला वापरतात. स्टॅटकाउंटरनुसार जगात क्रोमचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे, भारतात तो ८० टक्क्यांच्याही पुढे आहे.

'आधीपासून असणे' याची किंमत किती, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. वेगवेगळ्या फोन आणि ब्राऊजरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे, यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. लोक सेटिंग बदलत बसत नाहीत, यावर कंपन्यांचा इतका भरवसा आहे.

सरकारी कामासाठी वेगळा ब्राऊजर का लागतो?

आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्यांच्या संगणकावर दोन-तीन ब्राऊजर असतातच. यामागे आवड नसते, नाइलाज असतो. अनेक जुनी सरकारी संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोरर समोर ठेवून बनवली गेली. तशी सूचनाच पानाच्या तळाशी असे. ई-निविदेत डिजिटल स्वाक्षरीसाठी जावाचे पूरक सॉफ्टवेअर लागे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा पूरक सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला. परिणामी कंत्राटदार, ग्रामपंचायती आणि केंद्रचालक जुना एक्सप्लोरर जपून राहिले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तोही निवृत्त केला. आता अशा कामांसाठी एजमध्ये एक्सप्लोररची जुनी पद्धत चालू करून घ्यावी लागते.

आधारच्या बोटांच्या ठशांबाबतही तसेच. ठसे घेणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालते आणि ब्राऊजरला त्याच्याशी बोलावे लागते. अनोळखी संकेतस्थळाने संगणकाच्या आत डोकावू नये, म्हणून ब्राऊजर हे नियम वरचेवर कडक करतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण एखाद्या सकाळी ब्राऊजर आपोआप अद्ययावत होतो आणि यंत्र 'सापडत नाही'. बाहेर रांग उभी असते. अशा वेळी ब्राऊजरने मागितलेली परवानगी नाकारली गेली आहे का, हे आधी तपासावे. यंत्र बहुधा ठीक असते.

अर्ज मध्येच का पुसला जातो?

दोन जीबी रॅमच्या फोनमध्ये एकावेळी फार थोडे मावते. ओटीपीसाठी मेसेज, कागदाच्या फोटोसाठी कॅमेरा उघडला की अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागच्या ब्राऊजरला बाहेर काढते. परत आल्यावर ब्राऊजर ते पान नव्याने मागवतो आणि न साठवलेला मजकूर जातो. यावर साधे उपाय आहेत. अर्जाला बसण्यापूर्वी बाकी सर्व ॲप आणि टॅब बंद करावेत. कागदपत्रांचे फोटो आधीच काढून, ठरवून दिलेल्या केबीत बसवून ठेवावेत. ओटीपी वरच्या पट्टीत दिसतो, तो तिथेच वाचावा, मेसेज उघडू नये.

दुसरे कारण म्हणजे ॲपच्या पोटातला ब्राऊजर. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक दाबली की पान त्या ॲपच्याच खिडकीत उघडते. तिथे फाइल जोडणे, पीडीएफ उतरवणे किंवा पैसे भरणे अनेकदा अडते. कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून तेच पान मुख्य ब्राऊजरमध्ये उघडले की काम पुढे सरकते.

मराठी, गोंडी, माडिया नीट दिसते का?

गडचिरोलीत मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू आणि बंगाली अशा सात भाषा बोलल्या जातात. सिरोंचात तेलुगू, तर मुलचेरा-चामोर्शीकडच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत उपलब्ध आहेत. फायरफॉक्सचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या हातभारातून झाले. इंग्रजी पानाचे मराठी भाषांतर एका टिचकीत करून देणे, हे क्रोमला पसंती मिळण्याचे एक मोठे कारण आहे.

मात्र अर्ज भरताना ही सोय बंद ठेवलेली बरी. यंत्राला गावाचे नाव आणि साधा शब्द यातला फरक कळेलच असे नाही. धानोरा तालुक्यातील प्रसिद्ध मेंढा गावाच्या नावाचा अर्थ लावून ते भलतेच काही दाखवू शकते.

गोंडीची वाट अजून लांबची आहे. मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये २०१७ साली, तर गुंजाळा गोंडीला २०१८ साली स्थान मिळाले. पण फोनमध्ये त्या लिपीची अक्षरे नसतील तर कोणताही ब्राऊजर चौकोनच दाखवतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी जिथे होती, तिथे आज या लिप्या आहेत. देवनागरीत लिहिलेली गोंडी मात्र सगळीकडे नीट दिसते.

निवडीबाबत कायदा काय म्हणतो?

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. क्रोमचे स्थान राखण्यासाठी या वर्चस्वाचा वापर झाल्याचेही आयोगाने नोंदवले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून फोनवर ब्राऊजरची यादी दाखवून निवड विचारणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाले. त्यानंतर ब्रेव्ह, ओपेरा अशा छोट्या ब्राऊजरनी वापर वाढल्याचे सांगितले. अमेरिकेत न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकण्याची मागणी फेटाळली, पण केवळ आपलेच शोधयंत्र ठेवण्याचे करार करण्यास गूगलला मनाई केली.

स्वदेशी ब्राऊजरचे काय?

२०१० मध्ये बेंगळूरुतून 'एपिक' हा भारतीय भाषांची सोय असलेला ब्राऊजर आला, पण तो मोजक्यांपुरताच राहिला. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राऊजर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या चमूला त्यात एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. झोहोचा 'उला' हा ब्राऊजर आज उपलब्ध आहे. त्याचेही इंजिन क्रोमियमचेच आहे. स्वतंत्र इंजिन बनवणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे हे प्रचंड खर्चाचे काम असल्याने बहुतेक जण तयार पायावरच घर बांधतात.

सेवा केंद्रात आणि सामायिक फोनवर काय काळजी घ्यावी?

घरात एकच फोन, तो भाऊ, बहीण, वडील सगळ्यांच्या हातात, किंवा अर्ज केंद्रातल्या संगणकावर. अशा ठिकाणी 'पासवर्ड जतन करू का?' या प्रश्नाला नाही म्हणावे. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की इतिहास आणि लॉगिन उरत नाही, पण उतरवलेली फाइल डाउनलोडच्या कप्प्यात तशीच राहते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. नाव आणि वय माहीत असलेल्याला तो उघडणे अवघड नाही. काम झाले की फाइल कायमची पुसून घ्यावी.

पत्त्याच्या पट्टीत सरकारी संकेतस्थळाचे नाव 'जीओव्ही डॉट इन'ने संपते का, ते पाहावे. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडताना ब्राऊजर किंवा फोन इशारा देतो. तो झिडकारून ॲप टाकणाऱ्यांची खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी राज्यभर आहेत. धानाचा किंवा तेंदूपत्त्याचा पैसा आता थेट खात्यात येतो, त्यामुळे हा धोका खेड्यापर्यंत पोहोचला आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे.

मग कोणता ब्राऊजर बरा?

कामानुसार उत्तर बदलते. सरकारी अर्ज आणि बँकेसाठी अद्ययावत क्रोम किंवा फायरफॉक्स. नेटवर्क अगदी क्षीण असेल आणि फक्त बातम्या वाचायच्या असतील तर ओपेरा मिनी अजूनही उपयोगी आहे. मात्र त्याच्या सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत पान मधल्या सर्व्हरवर उघडले जाते, म्हणून तिथे बँकेचा पासवर्ड टाकू नये. जाहिरातींत डेटा संपत असेल तर जाहिराती रोखणारा ब्रेव्ह, किंवा तसे पूरक सॉफ्टवेअर जोडून फायरफॉक्स.

क्रोममध्येही पूर्वी डेटा वाचवण्याची सोय होती. जगभर डेटा स्वस्त झाला, असे सांगत गूगलने मार्च २०२२ मध्ये ती बंद केली. जंगलातल्या टूजी टॉवरना फोरजी करण्याची मान्यता मिळाली ती त्याच्या पुढच्याच महिन्यात. क्रोममधले पान उतरवून नंतर नेटविना वाचण्याची सोय मात्र टिकून आहे. तालुक्याच्या गावी रेंज असताना भरतीची जाहिरात, अभ्यासाची पाने किंवा योजनेचे नियम उतरवून ठेवले, तर पूर ओसरेपर्यंत टॉवर बंद राहिला तरी ती वाचता येतात.